प्रमाणपत्रासाठी पैसे भरू का?

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते आणि ठाण्याच्या एका कॉलेजात इतिहास घेऊन एस.वाय.बी.ए. करतेय. मला पुरातत्त्वात पुढे जायचंय. नुसती पुस्तकं वाचून कंटाळा आलाय, एखाद्या उत्खननावर हाताने काम करायचंय. बऱ्याच ठिकाणी मेल केले. बहुतेकांकडून उत्तर आलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी विचारलं, ‘आधीचा अनुभव आहे का?’ आता इन्स्टाग्रामवर एक ‘पुरातत्त्व इंटर्नशिप’ दिसलीय. सात दिवस ‘प्रत्यक्ष उत्खनन’, शेवटी प्रमाणपत्र, फी १४,००० रुपये. महिनाअखेरीपर्यंत पैसे भरायचेत. बाबा म्हणतात, इंटर्नशिपचे पैसे मिळायला हवेत, द्यायचे कसले? आणि यात नोकरी तरी कुठे आहे? आईला तंबूत राहण्याची धास्ती वाटते. माझं आजोळ शहापूर तालुक्यात. तिथे गावदेवीच्या देवळामागे कोरलेले दगड आहेत, शेंदूर फासलेले. लहानपणापासून ते बघूनच मला हे वेड लागलं. पैसे भरू का? – ऋतुजा (नाव बदललं आहे)

उत्तर : प्रिय ऋतुजा,

पैसे भरू नकोस. निदान तीन गोष्टी लेखी कळेपर्यंत तरी नाहीच : उत्खनन नेमकं कोणत्या जागी आहे, त्याची परवानगी कोणत्या संस्थेला मिळालीय, आणि संचालक कोण आहेत. आपल्याकडे हौसेखातर कुणालाही खणता येत नाही. प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांबाबतचा १९५८ चा कायदा आणि त्याखालचे नियम यांच्या चौकटीत, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीने, विद्यापीठं, राज्याचं पुरातत्त्व खातं अशा संस्था उत्खनन करतात. ती परवानगी ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक हंगामासाठी असते, आणि काम संपल्यावर अहवाल द्यावा लागतो. ज्यांच्याकडे अशी परवानगी आहे त्यांना हे तीन प्रश्न विचारलेस तर ते एका ओळीत उत्तर देतील. टाळाटाळ झाली तर समजून घे.

एक शक्यता अशीही असते की ते मोकळ्या जागेत कृत्रिम खड्डा तयार करतात, त्यात खापरं पुरतात आणि खणायची पद्धत शिकवतात. शिकवणारा जाणकार असेल तर त्यातूनही खूप शिकता येतं, आणि त्यासाठी वाजवी फी घेण्यात गैर काहीच नाही. पण ती कार्यशाळा झाली. तिला ‘प्रत्यक्ष उत्खनन’ म्हणणं ही फसवणूक आहे. बाबांचं म्हणणं म्हणूनच निम्मं बरोबर आहे. अभ्यासक्रमाची फी भरावी. काम करण्यासाठी पैसे मोजू नयेत. मात्र बाबांना हेही सांग, की खऱ्या उत्खननावर विद्यार्थ्याला मानधन क्वचितच मिळतं. राहण्याजेवणाची सोय बहुधा होते, येण्याजाण्याचा खर्च कित्येकदा आपलाच असतो.

आता मुख्य गोष्ट. ‘अनुभव आहे का?’ असं विचारलं की तुझ्यासारख्या मुलांना वाटतं, आपण कुठे खणलंय का असं विचारतायत. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वेगळंच हवं असतं. ही मुलगी समोरची वस्तू उचलण्याआधी तिची नोंद करेल का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. माझ्या मते या विषयातला हाताचा अनुभव म्हणजे मुळात हाच. ठाण्याजवळच्याच दोन घटना सांगते, म्हणजे मी असं का म्हणतेय ते लक्षात येईल.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला, हे तुला ठाऊक असेलच. १७८७ मध्ये तिथे बांधकामासाठी पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे इ.स. १०१७ चे. श्रीस्थानकाच्या, आपल्या ठाण्याच्या, इतिहासाचा तो फार मोठा पुरावा आहे. त्यांवरचा मजकूर वाचला गेला, छापला गेला. पण ते ज्या मातीत होते तिचा थर, सोबतची खापरं, खालची-वरची जमीन यांची नोंद करण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. ते पत्रे तिथे कुणी मुद्दाम पुरले होते, की घर पडलं आणि ते गाडले गेले? घराशेजारी विहीर होती, की देऊळ? असं आता काहीच विचारता येत नाही. मजकूर उरला, जागा गेली.

दुसरी घटना नालासोपाऱ्याची. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला. आत दगडी पेटी होती. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक, त्यात एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, आणि तांब्याच्या करंडकाभोवती आठ कांस्यमूर्तींचं कडं. कोणती वस्तू कशाच्या आत आणि कोणती बाहेर, हे त्यांनी टिपून ठेवलं. करंडकात सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे साधारण दुसऱ्या शतकातलं. बाहेरच्या मूर्ती मात्र शैलीवरून कितीतरी नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या ठरतात. म्हणजे हा स्तूप मध्ये कधीतरी पुन्हा उघडला गेला असणार, भाविकांनी त्यात मूर्ती ठेवल्या असणार, हा निष्कर्ष काढता येतो. सगळ्या वस्तू एका टोपलीत भरून आणल्या असत्या तर हे कधीच कळलं नसतं. सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अजून पाहिला नसशील तर आधी तो बघून ये.

खऱ्या उत्खननावर तुझा दिवस कसा जाईल, तेही सांगते, कारण जाहिरातीत हे दाखवत नाहीत. पहाटे उठायचं. कामाला लवकर सुरुवात होते ती केवळ उन्हामुळे नव्हे. सकाळी मातीत ओल असते, ऊन तिरपं असतं, त्यामुळे मातीच्या रंगातला फरक डोळ्यांना दिसतो. दुपारच्या उन्हात सगळी माती एकसारखी वाटायला लागते. पाच बाय पाच किंवा दहा बाय दहा मीटरचा चौकोन, म्हणजे ट्रेंच, खुंट्या ठोकून आणि दोरी ताणून आखलेला असतो. शेजारच्या दोन चौकोनांमध्ये मातीची एक भिंत न खणता सोडलेली असते, कारण कोणत्या थरावर कोणता थर आला ते त्या भिंतीच्या उभ्या छेदावर वाचायचं असतं. त्या भिंतीच्या कडेवर बसायचं नाही, पाय तर मुळीच ठेवायचा नाही. पहिल्याच दिवशी नव्या मुलांना ओरडा बसतो तो बहुधा यावरून.

जड खणकाम गावातले मजूर करतात. त्यांच्यातले जुने लोक मातीचे फार जाणकार असतात. कुदळ जरा वेगळी वाजली की हात थांबतो. चुलीची जळकी माती आणि उंदराच्या बिळात भरलेली भुसभुशीत माती यांतला फरक ते बोटांनी सांगतात. कॉलेजातून आलेल्या मुलीने त्यांना दादा-मावशी म्हणून शेजारी बसावं, विचारावं. इतकं चांगलं शिकवणारं तिथे दुसरं कुणी मिळणार नाही.

तुझ्या हाती काय असेल? टेप, ओळंबा, ब्रश, लहान करणी, आणि सगळ्यात जास्त वेळ वही. खोली मोजायची, थर बदलला की नवी पिशवी घ्यायची, पिशवीत एक आणि बाहेर एक अशी दोन लेबलं लावायची : स्थळ, ट्रेंच, थर, खोली, तारीख. लेबल हरवलेली पिशवी अभ्यासाच्या दृष्टीने कचरा होते, मग आत सोनं का असेना. फोटो काढताना बाजूला मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवायचा. संध्याकाळी दिवसभराची डायरी लिहायची, आणि ‘आज काही सापडलं नाही’ हेही त्यात लिहायचं.

मग पॉटरी यार्ड, म्हणजे सापडलेली खापरं धुऊन निवडायची जागा. इथे नव्या मुलांना शिक्षा झाल्यासारखं वाटतं, आणि मला नेमकं याच जागेबद्दल तुला आग्रहाने सांगायचंय. ढीगभर खापरं धुवायची, सावलीत वाळवायची, प्रत्येकावर बारीक अक्षरात शाईने खूण घालायची, काठ वेगळे, बूड वेगळं, मधले तुकडे वेगळे करायचे. काठाच्या तुकड्यावरून मडक्याचं तोंड किती रुंद होतं, आकार कसा होता ते काढता येतं. हजारो तुकडे हातांखालून गेले की एक दिवस खापर न बघताही, नुसत्या जाडीवरून आणि खरखरीतपणावरून, ते चाकावर घडवलेलं आहे की हाताने थापलेलं हे बोटांना कळायला लागतं. ते कोणतंही पुस्तक देऊ शकत नाही. आपल्या किनारपट्टीच्या स्थळांवर तर पश्चिम आशियातून आलेली निळसर-हिरव्या झिलईची खापरं आणि चिनी मातीचे तुकडेही मिळतात. समुद्रावरचा व्यापार कुठवर पोचला होता हे या तुकड्यांवरून उलगडतं. माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे गोळा करणं हेही असंच चिकाटीचं काम. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ पासून कितीतरी हंगाम उत्खनन केलं. तिथले ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणारे, शेतकरी जव पिकवत होते हे कळलं ते असल्या जळक्या दाण्यांवरूनच.

म्हणून इंटर्नशिप निवडताना माझी कसोटी एकच आहे : तिथे तुझी वही कुणी तपासणार आहे का? तपासणार असेल तर पॉटरी यार्डात बसवलं तरी जा. तपासणार नसेल तर थेट ट्रेंचमध्ये उतरवलं तरी जाऊ नकोस.

कुठे विचारायचं? मुंबई विद्यापीठात पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालत आलेत. विद्यापीठाच्या पुरातत्त्व केंद्राने विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयासारख्या संस्थांना सोबत घेऊन साष्टीचं सर्वेक्षण केलं, त्यात विद्यार्थी गावोगाव हिंडले. साठ्येमध्ये आणि सेंट झेवियर्समध्ये प्राचीन भारतीय संस्कृतीचे विभाग आहेत. तुझ्या कॉलेजात असा विभाग नसला तरी तिथल्या प्राध्यापकांना भेटायला कुणाची हरकत नसते. पुण्याला डेक्कन कॉलेज आहेच. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं मुख्य कार्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आवारात आहे, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं सायनच्या किल्ल्यावर. दोन्ही ठिकाणी कळव्याहून थेट लोकलने जाता येतं. मेलला उत्तर आलं नाही तर कॉलेजचं पत्र घेऊन स्वतः जा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला आता क्रेडिट मिळतात. तुझ्या विभागप्रमुखांना विचार, हे काम त्यात धरता येईल का. संस्थेलाही कॉलेजमार्फत आलेली मुलगी घेणं सोपं जातं.

आणि उत्खननाआधी सर्वेक्षण कर, असं मी म्हणेन. ठाणे आणि नवी मुंबईत त्याची निकड जास्त आहे. बेलापूरच्या किल्ल्याला इमारतींनी कसा वेढा घातलाय ते बघ. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात, कल्याण-भिवंडीच्या बाजूला रोज जमीन खणली जातेय, आणि ती पुरातत्त्वासाठी नव्हे. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं, जुनी तळी, देवळांच्या आवारातले मूर्तींचे तुकडे यांची नोंद पायी फिरून करणारी माणसं इथे हवी आहेत. त्याला उत्खननाचा परवाना लागत नाही, परीक्षा बुडत नाही आणि शनिवार-रविवारी होतं.

तुझ्या आजोळचे दगड इथेच कामी येतात. पत्रात तू ते एका ओळीत उरकलेस. ते वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचे दगड) असतील, गधेगाळ (दानाच्या लेखाचे, शापाचं शिल्प असलेले दगड) असतील, किंवा मोडलेल्या देवळाचे अवशेष असतील. वीरगळ खालून वर वाचायचा : खाली लढाई आणि वीराचं मरण, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. गधेगाळावर वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला शाप देणारं गाढवाचं शिल्प असतं. लेख झिजून गेलेला असला तरी शिल्पावरून ओळख पटते. पुढच्या सुट्टीत जाशील तेव्हा आधी पुजाऱ्यांना आणि गावातल्या मोठ्या माणसांना विचार. ते ‘हो’ म्हणाले की प्रत्येक दगडाची उंची, रुंदी, जाडी मोज, तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिही, हाताने रेखाटन कर, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मोजपट्टी ठेवून फोटो काढ. दगड मूळचे तिथलेच, की कुठून आणून ठेवलेत, याबद्दल म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं तेही त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. शेंदूर खरवडायचा नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळायचं नाही. दगड हलवायचा नाही, आजूबाजूला उकरायचं तर मुळीच नाही. आणि नेमकं ठिकाण इन्स्टाग्रामवर टाकू नकोस. शिल्पं चोरीला जातात. लेख दिसला तर जाणकारांना फोटो दाखव. कोकण इतिहास परिषदेत अशा नोंदी आस्थेने ऐकणारी मंडळी भेटतील.

ही सहा-सात पानांची नोंद हाच तुझा अनुभव. ती जोडून मेल पाठव, आणि मेल लहान ठेव. साधारण असा :

‘मी एस.वाय.बी.ए. (इतिहास) ची विद्यार्थिनी. शहापूर तालुक्यातल्या एका गावातील कोरीव दगडांची मी केलेली नोंद सोबत जोडली आहे. त्यात चुका असतील, त्या कळल्या तर आवडेल. आपल्या आगामी हंगामात सत्र परीक्षेनंतर तीन आठवडे मी येऊ शकते. खापरं धुणं, खुणा घालणं, नोंदी ठेवणं यांतलं कोणतंही काम करेन. माझ्या विभागप्रमुखांचं पत्र सोबत आहे.’

‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ हे वाक्य गाळ. प्रत्येक मेलमध्ये ते असतं. आणि वेळेचं भान ठेव. आपल्याकडे उत्खननं पावसाळा संपल्यावर, थंडी धरून सुरू होतात आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतात. माणसांची जुळवाजुळव त्याआधीच झालेली असते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लिही. डिसेंबरात पाठवलेल्या मेलला उत्तर येत नाही यात नवल नाही. संचालक साइटवर असतात. मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या वस्तुसंग्रहालयात विचार. तिथे वस्तू हाताळायची, मोजायची, नोंदपत्र भरायची शिस्त लागते.

आईची काळजी रास्त आहे, तिला ‘काही होत नाही गं’ म्हणून उडवून लावू नकोस. जाण्याआधी विचारून घे : आणखी किती मुली आहेत, राहणं तंबूत की गावातल्या घरात, स्वच्छतागृह कुठे, जवळचा दवाखाना किती लांब, रात्री जबाबदार कोण. असे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कुणी नाजूक म्हटलं, तर ती जागा आपल्यासाठी नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी आणि शिकाऊ मुलींनाही लागू आहे. संस्थेची अंतर्गत तक्रार समिती कोणती, हे विचारायचा तुला हक्क आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा, बंद बूट आणि रुंद काठाची टोपी घे. खोल खड्ड्यात एकटी उतरू नकोस, कडा ढासळतात. धुळीचा त्रास असेल तर आधीच सांग, तुला नोंदणीच्या कामाला बसवता येईल.

नोकरीबद्दल बाबांशी खरं बोल. जागा थोड्या आहेत आणि भरती सावकाश होते. पदवीनंतर पुरातत्त्वात एम.ए., मग नेट ही पात्रता परीक्षा देऊन अध्यापन किंवा संशोधन. केंद्राच्या आणि राज्याच्या खात्यांतल्या जागा स्पर्धा परीक्षांमधून. शिवाय वस्तुसंग्रहालयं आणि वारसा-जतनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारदांची कार्यालयं. ग्रेटर नोएडाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था आहे, तिथे दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका करता येते. हे सगळं एम.ए.च्या वेळी ठरवायचं आहे. सध्या बाबांकडे एवढंच माग : एक हंगाम, तीन आठवडे, कॉलेजच्या पत्रानिशी. त्या १४,००० मधले थोडे पैसे प्रवासाला ठेव, थोड्यांत चांगली टेप, मोजपट्टी आणि जाड पुठ्ठ्याची आलेखवही घे. आणि जागा ठरली की जाण्याआधी संचालकांचा फोन नंबर आईला दे, त्यांच्याशी तिचं एकदा बोलणं करून दे.